काचेवरची वाफ

१

हिऱ्यावर फुंकर मारायची नसते, श्वास सोडायचा असतो. तोंड जरा उघडून, घशातून, गारठलेले हात उबवताना सोडतो तसा. हिरा खरा असेल तर त्यावर बसलेली वाफ पापणी लवायच्या आत उडून जाते. काच असेल तर रेंगाळते. अँटवर्पच्या हिरेबाजारात भिंग नंतर येतं, भाव त्याच्याही नंतर, आधी हा श्वास. हिरेवाल्यांच्या क्लबच्या लांबलचक दालनात सकाळी दीडदोनशे माणसं टेबलांवर वाकलेली असायची आणि चहूकडून ‘हा... हा...’ चाललेलं असायचं. नवख्याला वाटावं, इथे सगळ्यांनाच दमा आहे.

लाइझर बिर्नबाउमला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो त्याला ऐकूच येत नसे. अर्धं आयुष्य त्यानं दलाली केली. मग डोळे अधू झाले, बारीक माल दिसेना, तेव्हा क्लबनं त्याला आपला डिटेक्टिव्ह नेमलं. “डोळे काढून घेतले आणि नाक दिलं,” असं तो स्वतःच सांगायचा. हॉटेलात खोली घेऊन गिऱ्हाइकाचं सोंग आणणारे, बोलता बोलता पुडी बदलणारे, असे उपटसुंभ हुंगून काढायचे आणि पोलिसांतल्या योस बाटेनच्या हवाली करायचे, हे त्याचं काम.

सभासद यायच्या आधी तो दालनात एक फेरी मारी. खिडक्यांच्या कड्या पाही, टेबलांखाली नजर टाकी. खिडक्या सगळ्या उत्तरेला, कारण उत्तरेचा उजेड कुणाची भीड ठेवत नाही. त्या सोमवारी भट्टी अजून पेटायची होती. दालन इतकं गार होतं की दौतीतली शाई घट्ट झाली होती. मधल्या खिडकीशी येऊन लाइझर थांबला.

काचेवर वाफेची दोन वर्तुळं होती. एकाची कड दुसऱ्यावर चढलेली. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला.

त्यानं ती कोटाच्या बाहीनं पुसली आणि पुढे गेला. दाराशी पोचल्यावर उगाचच परत येऊन पाहिलं. वर्तुळं होती तिथेच होती.

माणसाला अशा वेळी कारणं फार पटकन सुचतात. आपलाच श्वास लागला असेल. चौकट ओली असेल. काच हलक्या प्रतीची असेल. हे तिसरं कारण त्याला आवडलं. दरवानाला त्यानं काचवाल्याकडे पाठवायचं ठरवलंसुद्धा. मग त्याला आठवलं की त्या खिडकीशी कोण बसायचं, आणि तो एकावर भागवत नसे, लागोपाठ दोन श्वास सोडायचा. हा, आणि लगेच हा.

लाइझरनं दरवानाला काही सांगितलं नाही.

२

ती खुर्ची आन्शेल कापनरची. आन्शेल दलाल होता, लाइझरचा जुना दोस्त. तोंडात सदा बडीशेपेची गोळी, कोटाच्या बाहीचं एक बटण सदा दोऱ्यावर लोंबकळणारं. महिन्यापूर्वी रेब क्रायटर या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं त्याच्या हातावर एक हिरा ठेवला होता. बोराएवढा, फिकट गुलाबी, कुठल्याशा सरदार घराण्यातून विकायला आलेला. पावती नाही, साक्षीदार नाही. दलालाच्या हातावर माल ठेवायचा आणि वळून आपला चहा प्यायचा, ही इथली रीत. कुणी पावती मागितली तर त्याच्याकडे लोक चोर असल्यासारखं बघत.

रीतीला दुसरी बाजूही होती. माल विकला जाईपर्यंत तो दलालाच्या जिवावर. गिऱ्हाइकानं भाव मान्य केला, हातात हात दिला आणि ‘माझल उन ब्रोखे’ म्हटलं, म्हणजे नशीब लाभो, बरकत होवो, की सौदा पक्का. मग बाजार कोसळो नाहीतर घर जळो, मागे फिरणं नाही. ज्यू असो की कॅथलिक, हिऱ्यात पडला की प्रत्येकाच्या तोंडी तेच शब्द. ते बोलले गेले की दलालाच्या छातीवरचा दगड उतरे.

आन्शेल जेवणानंतर हिरा खिशात टाकून, “एकाला दाखवून येतो,” म्हणून गेला तो गेलाच. गोदीवरून दर आठवड्याला अमेरिकेची जहाजं सुटत होती. पहिले दोन दिवस लोक हळहळले, तिसऱ्या दिवशी कुजबुजले आणि आठवड्याभरात सगळ्या बाजाराला ठाऊक होतं की आन्शेल न्यूयॉर्कात हवेली बांधतोय. येत्या शुक्रवारी समिती बसणार होती. आन्शेलचं नाव चोर म्हणून कायमचं काढायचं, आणि त्याच्याबरोबर त्याला सभासद करून घेताना ज्यानं हमी दिली होती त्याचंही. हमी लाइझरची होती.

नोकरी जाईल याचं त्याला दुःख होतं, नव्हतं असं कशाला म्हणा. पण रात्री झोप उडत होती ती वेगळ्या कारणानं. आन्शेल चोर असेल तर तो कुठेतरी जिवंत होता. तो सच्चा असेल तर मेलेला होता. शोध लावायचा म्हणजे या दोनांतलं एक हुडकून काढायचं, आणि आपल्याला काय सापडावंसं वाटतंय हेच लाइझरला कळत नव्हतं.

३

“साखर घे,” ब्रायना म्हणाली. आन्शेलची बायको. तिनं चहाचा पेला त्याच्यासमोर ठेवला आणि साखरेचा खडा बशीत. लाइझरनं खडा दातांत धरला, म्हणजे थोडा वेळ बोलायला नको.

“शुक्रवारी काय करतील?”

“मी आहे अजून. बघतो.”

“तू काय बघणार? तुला समोरचं घड्याळ दिसत नाही.” ती उठली, फळीवरून एक पत्र्याचा डबा आणला आणि त्याच्यापुढे उघडला. डबा बडीशेपेच्या गोळ्यांनी काठोकाठ भरलेला होता. “त्याच दिवशी सकाळी भरून आणला होता. हा माणूस कोपऱ्यावर पाव आणायला जाताना दहा गोळ्या खिशात टाकतो. अमेरिकेला जाताना डबा विसरेल?”

लाइझर डब्याकडे बघत राहिला.

“ब्रायना, एक विचारू? रागावू नकोस. तो चोर निघाला, पळून गेलेला निघाला, तर...”

“तर मला चोर नवरा चालेल का? चालेल. न चालायला काय झालं? चार शिव्या देईन आणि पुढच्या जहाजानं त्याच्यामागे जाईन.” तिनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तिनं तळहातानं दाबून बसवलं. “पण तो चोर नाही रे. म्हणून तर मला भीती वाटते.”

जिना उतरताना लाइझरला मागे कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं. दोनदा. जिन्यावर कुणी नव्हतं. बडीशेपेचा वास मात्र होता, पण तो तर तिच्या स्वयंपाकघरातूनच कोटाला लागला असणार.

४

बाटेन रस्त्यावर कागदाच्या पुंगळीतून तळलेले बटाटे खात उभा होता. माणूस अगडबंब, मिशा लालसर, डोकं सरळ चालणारं.

“घे की.”

“आमच्या रीतीनं न कापलेल्या बैलाच्या चरबीत तळलेले. तुला माहितीये मी खात नाही.”

“म्हणून तर विचारतो,” बाटेन म्हणाला. “चल, आज कुणाकुणाकडे जायचंय?”

गुलाबी हिरा घेण्याची ऐपत असलेली गिऱ्हाइकं गावात मोजकीच होती. आन्शेल ज्याला ‘एकाला’ म्हणाला तो त्यांच्यातलाच कुणीतरी. दोघं आठवडाभर त्यांची दारं ठोठावत होते. मंगळवारी ते फ्लोरिस गोवार्टच्या कारखान्यात पोचले. गोवार्ट हिरे घासून पैलू पाडून देणाऱ्यांतला बडा मालक, मोठ्या देणग्या देणारा, पाठीवर थाप मारणारा. खाली तळमजल्यावर घासणीची चाकं फिरत होती, पट्ट्यांची घरघर जमिनीतून पायात चढत होती. वर त्याची कचेरी.

दार उघडल्याबरोबर थंडीनं लाइझरचे दात वाजले. कोपऱ्यात शेगडी लालबुंद पेटलेली, आणि खिडक्या सताड उघड्या. भुरभुर बर्फ आत येऊन टेबलावर विरघळत होतं. गोवार्ट ओव्हरकोट घालून बसला होता. पूर्वी तो कोट त्याला पोटावर बसत नसे. आता तो त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

“मेनेर गोवार्ट, कोळसा काय फुकट मिळतो की काय तुम्हाला?” बाटेननं विचारलं.

“डॉक्टरनं मोकळी हवा सांगितलीय,” गोवार्ट म्हणाला. “बसा. आन्शेलचंच ना? अहो, त्या दिवशी तो इकडे फिरकलाच नाही. आला असता तर मीच घेतला असता हिरा.”

सगळं हसून, मोकळेपणानं. बाटेन प्रश्न विचारत होता, गोवार्ट उत्तरं देत होता. लाइझर भिंतीकडे बघत होता. तिथे चौकोनी आरशाची फिकट खूण होती, आरसा नव्हता. टेबलावर पाण्याचा पेला पितळी होता. आत शिरताना जिन्यावरच्या कपाटाची काच काढून तिथे पुठ्ठा ठोकलेला त्यानं पाहिला होता, ते आत्ता आठवलं.

आणि तेवढ्यात त्याच्या उजव्या खांद्यामागे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास सोडला. हा. आणि लगेच हा.

लाइझर गर्रकन वळला. मागे उघडी खिडकी, बाहेर बर्फ. पुन्हा समोर वळला तर गोवार्टही तिकडेच पाहत होता. नेमकं त्याच खांद्यामागे. बाटेन वहीत डोकं घालून होता, त्याच्या मिशीचा केसही हलला नव्हता.

गोवार्टनं नजर खाली घेतली आणि टेबलावरचं बर्फाचं पाणी तळहातानं पुसायला लागला. पुसत राहिला.

५

“हे मी माझ्या साहेबाला कसं सांगू?” बाटेन म्हणाला. स्टेशनसमोरच्या कॅफेत दोघं बसले होते. पलीकडच्या प्राणिबागेतला सिंह नेहमीसारखा जेवणाच्या वेळी ओरडत होता. “संशयितानं मान वळवली, म्हणून अटक केली?”

“तू काहीच ऐकलं नाहीस?”

“चाकं ऐकली. बर्फात बसवून ठेवल्यामुळे माझी कंबर धरली, ती ऐकली. लाइझर, तू झोपतोस का नीट?”

लाइझरनं खिडकीतल्या वर्तुळांचं सांगितलं. सोमवारपासून पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं आणि बाटेन हसेल म्हणून वाट पाहिली. बाटेन हसला नाही. त्यानं बिअरचा पेला थोडा बाजूला सरकवला. पेल्याच्या काचेवर दव होतं.

“माझा यावर विश्वास नाही,” तो म्हणाला. “पण आरसा काढणारा, काचा काढणारा, बर्फात खिडक्या उघड्या टाकणारा एक फ्लेमिश माणूस, तोही शेगडी पेटवून? आमच्यात कोळशाच्या गोणीवरून भावाभावांत बोलणं बंद होतं. त्याच्याकडे काहीतरी आहे, एवढं मी मानतो. पण ते तो काढणार कसं?”

“मी एकटा जातो.”

“काय सांगशील?”

“खरं ते सांगेन,” लाइझर म्हणाला. “शुक्रवारी मी संपलो, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. संपलेल्या माणसाशी लोक मोकळं बोलतात.”

खुणेचं ठरलं. बाटेन आणि त्याची माणसं कारखान्याच्या अंगणात थांबणार. लाइझरनं कचेरीची खिडकी बंद केली की वर यायचं.

“आणि एक लक्षात ठेव,” बाटेन उठताना म्हणाला. “हिरा मिळाला तर तो तुझ्या तज्ज्ञांपुढे टिकला पाहिजे. नाहीतर तो माणूस वकील लावून आपल्या दोघांची सालटी काढेल.”

६

गुरुवारी दुपारी कामगार जेवायला गेले होते. चाकं थांबलेली. घरघरीची सवय झालेल्या त्या इमारतीत शांतता कानाला बोचत होती.

गोवार्ट तसाच बसला होता. लाइझरनं टोपी मांडीवर ठेवली. टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. तो मधली सोडून बसला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“मेनेर गोवार्ट, परवा तुम्ही मागे वळून पाहिलंत.”

“वारा होता.”

“मीही पाहिलं. बाटेनला काहीच ऐकू आलं नाही. आपल्या दोघांनाच आलं.”

गोवार्टनं दाराकडे एक नजर टाकली. मग तो म्हणाला, “तुला किती वेळा येतं?”

“सकाळी. कधी जिन्यावर.”

“मला सतत येतं,” गोवार्ट म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “जेवताना येतं. चर्चमध्ये येतं. बायको म्हणते, तूच घोरतोस. मी जागा असतो, लाइझर.”

तो उठला. शेगडीमागची वीट सरकवून त्यानं तपकिरीची डबी काढली, डबीतून पुडी आणि पुडी टेबलावर उलगडली. लाइझर वाकला. एवढ्या मोठ्या खड्याला त्याचे डोळे अजून पुरत होते. घाट तोच, कडा त्याच, चौकोनी आणि कोपरे गोल. पण खडा आंधळा होता. सगळ्या अंगावर दाट, पांढरी वाफ बसलेली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी.

“पुसतो, परत येते. शेगडीवर धरला. मिठात पुरून ठेवला. ब्रसेल्सला एकाला दाखवला तर तो हसला. म्हणाला, काच विकायला एवढ्या लांब आलात?” गोवार्टनं टेबलाची कड धरली. “तू वीस वर्षं दलाली केलीस. एवढंच सांग. खरा की काच? मला विकायचा नाही आता. फक्त कळू दे. काचेसाठी मी...”

पुढचं त्यानं गिळलं. पण जे कळायचं ते लाइझरला कळलं होतं. आन्शेल न्यूयॉर्कात नव्हता. महिनाभर आशेचा एक बारीक धागा त्यानं मुठीत धरून ठेवला होता, तो तुटला, आणि त्याला ब्रायनाचा तळहात आठवला, डब्याचं झाकण दाबणारा. त्याला रडावंसं वाटलं. रडायला वेळ नव्हता.

कारण खिडकी हातभर अंतरावर होती आणि ती बंद करण्यात काही अर्थ नव्हता. हा खडा उद्या समितीपुढे ठेवला तर पहिलाच माणूस म्हणेल, काच. मग म्हणतील, आन्शेलनं खरा आधीच लांबवला आणि गोवार्टला काच दाखवायला नेली. मेला तो मेला, वर ठगही ठरला. गोवार्ट सुटेल. आन्शेल दुसऱ्यांदा बुडेल, आणि या वेळी कायमचा.

हा.

मधल्या खुर्चीतून आला. लाइझरनं तिकडे पाहिलं नाही. बडीशेपेचा वास आला. हा, पुन्हा. आणि खड्यावरची वाफ त्याच्या डोळ्यांदेखत आणखी दाट झाली.

भीती अशी असते की ती पाठीतून वर चढते, मानेशी येऊन थांबते आणि मग डोकं एकदम स्वच्छ होतं. लाइझरच्या डोक्यात एकच साधी गोष्ट आली, कुठल्याही दलालाच्या पोराला कळावी अशी. आन्शेल माल सोडत नव्हता. का सोडेल? सौदा झाला कुठे होता? मालकानं हातावर ठेवलेला खडा अजून त्याच्या जिवावर होता. तो झाकून बसला होता, कोंबडी अंड्यांवर बसते तसा.

लाइझर मधल्या खुर्चीकडे वळला. नजर मात्र खड्यावरच ठेवली.

“आन्शेल,” तो म्हणाला, आणि आपला आवाज बाजारातल्यासारखा रोखठोक आलेला ऐकून त्यालाच धीर आला. “रेब क्रायटरनं सांगितलेल्या भावाला. एक फ्रँक कमी नाही. मी घेतला.”

“कुणाशी बोलतोयस?” गोवार्ट कुजबुजला. “लाइझर, कुणाशी बोलतोयस तू?”

लाइझरनं हात पुढे केला, रिकाम्या खुर्चीकडे. “माझल उन ब्रोखे.”

काही झालं नाही. दूर प्राणिबागेत सिंह ओरडला. बर्फाचा एक कण लाइझरच्या मनगटावर पडला आणि विरघळला. हात अवघडायला लागला. आपण म्हातारे झालो, वेडे झालो, आणि उद्या सगळं संपणार, असं त्याला वाटायला लागलं.

मग त्याच्या हातात हात आला.

तो गार नव्हता. हेच सगळ्यात भयंकर होतं. उबदार, कोरडा, ओळखीचा हात, बाजारातल्या रीतीप्रमाणे एकदा घट्ट दाबून खाली हलवणारा. डोळ्याच्या कोपऱ्यात एक बाही होती. बाहीवर दोऱ्याला लोंबकळणारं बटण होतं. ते हलत होतं.

लाइझरनं मान वळवली नाही. तो खड्याकडे बघत राहिला. वाफ कडेपासून मध्यापर्यंत आवळत गेली, राईएवढी राहिली, आणि गेली. त्या करड्या दुपारी टेबलावर गुलाबी उजेड पडला.

हात सुटला.

गोवार्ट भिंतीला पाठ घासत खाली बसला होता. त्याच्या तोंडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. “जुन्या गोदीत, पायऱ्यांच्या खाली. जुन्या गोदीत, पायऱ्यांच्या खाली.”

लाइझर खिडकी बंद करायला उठला, तर बाटेन दारातच उभा होता. खूण मिळायच्या आधीच वर आलेला. त्याची टोपी हातात होती. कुणापुढे काढली असेल कुणास ठाऊक.

७

गोदीतून त्यांनी आन्शेलला त्याच संध्याकाळी वर काढलं.

शुक्रवारी सकाळी क्लबचं दालन खच्चून भरलं. लाइझरनं समितीपुढे पुडी उलगडली. रेब क्रायटर खुर्चीतून अर्धवट उठला, खड्यावर श्वास सोडला, आणि वाफ बसते न बसते तोच उडाली. म्हाताऱ्यानं खडा उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाला, “माझा आहे.”

“नाही, रेब क्रायटर,” लाइझर म्हणाला. “माझा आहे. मी घेतला. तुम्ही सांगितलेल्या भावाला. हात दिला, शब्द बोललो.”

दालनात खसखस पिकली. लाइझरकडे नवा कोट घ्यायला पैसे नव्हते, हे कुणाला माहीत नव्हतं? गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? हिरा मालकाकडे परत गेला असता, आन्शेल निर्दोष ठरला असता, सगळे जेवायला गेले असते. पण दिलेला हात दिला नाही म्हणणं त्याच्यानं होईना. या बाजारात वाढलेल्या माणसाला ती एक गोष्ट जमत नाही.

“हात कुणाला दिलास?” क्रायटरनं विचारलं.

“दलालाला. आन्शेलला.”

खसखस थांबली.

“कधी?”

“काल दुपारी.”

कुणीतरी मागून म्हणालं की माणसाच्या मनावर परिणाम झालाय, त्याला घरी पाठवा. क्रायटरनं हात वर केला. “रीत म्हणजे रीत. साक्षीदार आहे?”

“मी आहे,” बाटेन म्हणाला. तो दाराशी उभा होता, या दालनात पहिल्यांदाच. दीडदोनशे डोकी वळल्यावर तो लाल झाला. “मला तुमची भाषा येत नाही. मी जे पाहिलं ते सांगतो, आणि कोर्टात मी हे सांगणार नाही, तेव्हा कुणी मला तिथे बोलावू नका. हात हलताना पाहिले. दोन. एक लाइझरचा.”

दुसरा कुणाचा, हे विचारायला कुणी धजलं नाही.

क्रायटरनं दोन्ही तळवे टेबलावर टेकले. “मग सौदा झाला. आन्शेलनं माझं काम पुरं केलं. त्याची दलाली आज सूर्य मावळायच्या आत ब्रायनाच्या हातात पडेल, शब्बाथचा पवित्र दिवस लागायच्या आधी.” मग तो लाइझरकडे वळला, आणि त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. “आणि तू, गिऱ्हाइका, पैसे कधी देणार?”

लाइझरनं आपले रिकामे खिसे चाचपले.

“मोठ्या खड्यात भागीदार घेतात,” पहिल्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. “एक हिस्सा माझा.” तो उठला, येऊन लाइझरच्या हातात हात दिला. “माझल उन ब्रोखे.” दुसरा उठला. “माझाही.” ज्यानं लाइझरला घरी पाठवा म्हटलं होतं, तो तिसरा होता. मग खुर्च्यांचा आवाज सुरू झाला आणि थांबेना. महिनाभर आन्शेलला न्यूयॉर्कात हवेली बांधून देणारे सगळे रांगेत उभे होते. कुणी लाइझरच्या डोळ्यांकडे बघत नव्हतं, पण प्रत्येक जण हात जरा जास्तच घट्ट दाबत होता. लाइझर रडत होता आणि हात देत होता. अजून थोडे लोक असते तर हिरा कमी पडला असता.

तेवढ्यात खाली रस्त्यावर घोड्यांच्या टापा थांबल्या. आन्शेलला सीमेपलीकडच्या ज्यूंच्या दफनभूमीत नेणारी गाडी क्लबखाली उभी राहिली होती. मागच्या बग्गीत ब्रायना होती, काळ्या शालीत, मान ताठ. सगळं दालन उत्तरेच्या खिडक्यांशी लोटलं. एवढ्या माणसांच्या श्वासानं काचा बघता बघता पांढऱ्या झाल्या, लोक बाह्यांनी पुसायला लागले आणि त्या परत भरायला लागल्या.

मधली खिडकी तेवढी स्वच्छ होती.

तिच्याशीही माणसं दाटली होती, दोघांचं नाक तर काचेला लागलं होतं. तरी तिच्यातून खालचा रस्ता, घोड्यांच्या पाठीवरचं बर्फ, ब्रायनाचा चेहरा, सगळं लख्ख दिसत होतं. हळूहळू ते एकेकाच्या लक्षात आलं. माणसं मागे सरकली, आणि खिडकीशी जागा झाली.

रेब क्रायटर काठी टेकत त्या जागेत आला. आन्शेलच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकला आणि त्यानं काचेवर श्वास सोडला. हा. वाफ बसली आणि पापणी लवायच्या आत उडून गेली. त्यानं पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

म्हातारा सरळ उभा राहिला. जन्मभर हजारो खड्यांवर दिला होता तसा, कोरड्या व्यापारी आवाजात, त्यानं निकाल दिला.

“खरा आहे.”

खाली गाडी चालू लागली.